निनावी बिल्ला

गेल्या पावसाळ्यापूर्वीची गोष्ट. वास्कोला आमच्या ओळखीच्या एका काकींकडे गेलो होतो. काकी पंच्याऐंशीच्या घरात. घराला रंग काढायचा म्हणून माळ्यावरचे सामान खाली उतरवले होते. त्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. डब्यात पोर्तुगीज काळातली चार नाणी, सुटी बटणे, बंद पडलेले एक मनगटी घड्याळ आणि फडक्यात गुंडाळलेला एक राखाडी बिल्ला.

"पळय मरे, हें कितें तें," म्हणत काकींनी तो माझ्या हातावर ठेवला.

दोन-अडीच इंचांचा लंबगोल बिल्ला. कडेने ओकच्या पानांची माळ, वर पंख पसरलेला गरुड, त्याच्या पायांत नाझींचे ते कुप्रसिद्ध चिन्ह, आणि मधून तिरकी गेलेली संगीन लावलेली बंदूक. मागे एक पिन. बाकी पाठ कोरी. नाव नाही, आकडा नाही, शिक्का नाही.

काकींच्या घरात या बिल्ल्याची एक गोष्ट चालत आलेली आहे. त्यांचे सासरे मुरगाव बंदरात कामाला होते. 'एहरेनफेल्स' बोटीवरच्या एका जर्मनाशी त्यांची ओळख झाली होती आणि त्यानेच हा बिल्ला आठवण म्हणून दिला, अशी ती गोष्ट. काकींच्या नातवाला आता बिल्ल्याचे फोटो काढून 'एहरेनफेल्सची खूण' म्हणून सगळ्यांना दाखवायचे होते. त्याआधी तो कोणी बनवला, कुठे बनवला हे शोधून दे, असे मला सांगण्यात आले. मी सरकारी कारकून. इतिहास बी. ए. ला होता, एवढीच माझी लायकी. पण कागदपत्रांत नाक खुपसायची सवय जुनी, म्हणून हो म्हणून बसलो.

एहरेनफेल्सची हकीकत गोव्यात बहुतेकांनी ऐकलेली असते. तरी नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटले तेव्हा एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स या तीन जर्मन मालवाहू बोटींनी मुरगावचा आसरा घेतला. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोव्याचे बंदर तटस्थ. पुढे 'आन्फोरा' ही इटालियन बोटही तिथेच अडकून राहिली. एहरेनफेल्सवरून गुप्त रेडिओने पाणबुड्यांना खबरा जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी पलटणीतले, एरवी कचेऱ्यांत काम करणारे, पोक्त वयाचे इंग्रज 'फीबी' नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जमधून आले आणि एहरेनफेल्सवर चढले. चकमकीत तिचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. बोटी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनी चारही बोटींना स्वतःच आगी लावल्या आणि त्या बुडवल्या. यावर १९८० साली 'द सी वुल्व्ज' हा सिनेमाही आला.

तर अशा घटनेची एक खूण आपल्या ओळखीच्या घरात सापडावी, असे कोणाला वाटणार नाही? मलाही वाटत होते. खोटे कशाला बोलू?

आधी त्या चिन्हाविषयी दोन शब्द. आपल्या उंबरठ्यावर, तुळशीपुढच्या रांगोळीत जे स्वस्तिक आपण काढतो त्याच्याशी या चिन्हाचा आकार जुळतो, म्हणून काहींना त्याचे कौतुक वाटते. जर्मन लोक त्याला 'हाकेनक्रॉइत्स' म्हणजे आकड्यांचा क्रूस म्हणतात. त्या चिन्हाखाली लाखो ज्यूंचा आणि इतरांचा पद्धतशीर संहार झाला. जर्मनीत आज ते चिन्ह जाहीरपणे मिरवणे फौजदारी गुन्हा आहे. अभ्यास, इतिहास, शिक्षण यांसाठी तेवढी सूट आहे. मी या वाटेला गेलो तो त्या सवलतीच्या बाजूने, एवढे लक्षात असू द्यावे.

बिल्ला ओळखायला वेळ लागला नाही. हा जर्मन पायदळाचा चढाईचा बिल्ला, 'इन्फान्टरी श्टुर्म आबत्साइखेन'. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन चढायांत, आघाडीवर राहून लढलेल्या शिपायाला तो मिळे. बिल्ल्याबरोबर सहीशिक्क्याचा कागद मिळे आणि शिपायाच्या पगारपुस्तकात नोंद होई. म्हणजे मिळवणाऱ्याची नोंद चोख. बनवणाऱ्याचे नाव मात्र कित्येकदा वस्तूवर नाहीच.

असे का, हा पहिला प्रश्न. उत्तर सरकारी नोकरीतल्या माणसाला पटकन समजण्यासारखे आहे. त्या काळात हे बिल्ले आणि पदके दोन वाटांनी लोकांकडे जात. एक सरकारी वाट. सरकार कारखान्याला मागणी देई आणि तयार माल पलटणींकडे पाठवला जाई. दुसरी दुकानाची वाट. ज्याला सन्मान मिळाला आहे तो कागद दाखवून दुकानातून जास्तीची प्रत विकत घेऊ शके. या दुकानी मालासाठी १९४१ साली पदके बनवणाऱ्यांची एक संघटना उभी केली गेली आणि तिने प्रत्येक कारखान्याला 'एल' अक्षर लावून आकडा दिला. सरकारी मागणीच्या मालाला वेगळे, साधे आकडे होते. त्यामुळे एकाच कारखान्याचे दोन आकडे दिसतात. उदाहरणार्थ ल्यूडेनशाइडच्या 'श्टाइनहाउअर उंड ल्यूक'चा दुकानी आकडा एल/१६ आणि सरकारी आकडा ४. म्युनिकच्या 'डेश्लर'चा एल/१० आणि १. बर्लिनच्या 'सी. ई. युंकर'चा दुकानी आकडा एल/१२. काही जण आकड्याऐवजी आद्याक्षरे घालत. व्हिएन्नाच्या रुडोल्फ सुवालच्या मालावर 'आर. एस.' दिसते. पण हे सगळे होण्याआधी बनलेला माल होता, नंतरही सगळ्या प्रकारच्या बिल्ल्यांवर खूण घालण्याची सक्ती सारखी पाळली गेली नाही. म्हणून आज लाखो बिल्ले पाठ कोरी घेऊन उरले आहेत.

बनवणारे कोण होते, हेही पाहण्यासारखे आहे. मला वाटे, मोठे शस्त्रांचे कारखाने असतील. तसे नव्हते. ल्यूडेनशाइड हे वेस्टफालियातले डोंगरी गाव बटणांसाठी प्रसिद्ध. सैन्याच्या गणवेशाची बटणे करता करता तिथले लोक बिल्ले करू लागले. श्टाइनहाउअर उंड ल्यूक १८८९ चा. फोर्त्सहाइम हे तर सोनारांचे शहर. १७६७ साली तिथल्या राजाने दागिने आणि घड्याळांचा धंदा सुरू करून दिला, तेव्हापासून त्याला 'सोन्याचे शहर' म्हणतात. इडार-ओबरश्टाइन हे रत्नांना पैलू पाडणाऱ्यांचे. आणि गाब्लोन्झ, म्हणजे आजच्या चेक देशातले याब्लोनेत्स, हे काचमणी आणि खोट्या दागिन्यांचे. या गाब्लोन्झच्या काचेच्या बांगड्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिंदुस्थानच्या बाजारात येत असत. आपल्या पणज्यांच्या हातांतल्या कांकणांतही त्यातली काही असतील. त्याच गावातल्या कारखान्यांनी पुढे रणांगणावरचे बिल्ले केले.

मग या कारखान्यांच्या वह्या काढून बघाव्यात, असे तुम्ही म्हणाल. ते सोपे नाही. बर्लिनच्या ज्या भागात युंकरसारखे पदकवाले होते तो भाग ३ फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात होरपळला. फोर्त्सहाइमवर २३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री बाँब पडले. वीस-बावीस मिनिटांत शहराचा मध्यभाग जळून गेला आणि सतरा हजारांहून अधिक माणसे मेली. गाब्लोन्झच्या जर्मनांना युद्धानंतर घरदार सोडून जावे लागले. त्यांच्यातल्या अनेकांनी बव्हेरियात काउफबॉइरेनजवळ 'नवे गाब्लोन्झ' वसवले. हातचे कसब सोबत गेले. दप्तराचे सगळे ओझे कोण नेणार? म्हणून शेवटी वस्तूलाच विचारावे लागते.

इथे मला आमच्या ऑफिसातली एक जुनी गोष्ट आठवली. मी नोकरीला लागलो तेव्हा टाइपरायटर पुरते हद्दपार झाले नव्हते. एकदा साहेबांविरुद्ध निनावी अर्ज आला. खाली सही नाही, तारीख नाही. आमचे हेडक्लार्क निवृत्तीला टेकलेले. त्यांनी अर्ज उजेडात धरला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "ही आपल्याच आवक-जावक विभागातली मशीन." कशावरून? तर त्या मशीनचे इंग्रजी 'ई' ओळीच्या किंचित वर उडत असे आणि 'ए'च्या पोटात शाई भरलेली असे. त्यांनी त्याच मशीनवरचे सहीचे दुसरे पत्र काढून शेजारी ठेवले. दोन्ही दोष तंतोतंत जुळले.

बिनखुणेच्या बिल्ल्याचा कारखाना शोधायची रीत अगदी हीच. बिल्ला पोलादी ठशाने दाबून किंवा साच्यात ओतून करतात. मूळ नकाशा सगळ्यांना एकच दिलेला असल्याने गरुड, पाने, बंदूक सगळीकडे सारखी. त्यावरून काही कळत नाही. पण प्रत्येक कारखान्याने आपापला ठसा कोरला, त्यामुळे पानाची एखादी शीर आखूड, पिसांची एखादी ओळ वेगळी. आणि त्याहून मोलाचे म्हणजे दोष. हजारो वेळा दाब खाऊन ठशाला बारीक चीर जाते, टवका उडतो. ती चीर पुढच्या प्रत्येक बिल्ल्यावर केसासारखी उठून दिसते. कारागीर नक्षी ठरवून कोरतो. चीर कोणी ठरवून पाडत नाही. म्हणून नक्षीपेक्षा चिरेची साक्ष पक्की.

आता समजा, एल/१६ आकडा असलेल्या बिल्ल्यावर एका पानाखाली अशी चीर आहे, आणि कोरी पाठ असलेल्या दुसऱ्या बिल्ल्यावर नेमकी त्याच जागी, त्याच वळणाची चीर आहे. मग दोघेही एकाच ठशातून निघाले असे म्हणता येते. निनावी अर्जाशेजारी सहीचे पत्र मिळाले! चीर कालांतराने वाढत जाते, त्यामुळे आखूड चिरेचा बिल्ला आधीचा आणि लांब चिरेचा नंतरचा, अशी क्रमवारीही लावता येते.

दुसरी साक्ष पाठीची. बिजागरी कशी आहे, पिन गोल तारेची की चपटी पट्टी, पिन अडकवायचा आकडा तारेचा की पत्र्याचा, ते बसवले कसे, हे सगळे पाहायचे. युद्धाच्या सुरुवातीचे बिल्ले टोंबाक म्हणजे तांबे जास्त असलेल्या पितळेसारख्या धातूचे असत. त्यावर झाळकाम छान होते. पुढे तांब्याची टंचाई झाली, ते तोफगोळ्यांसाठी लागू लागले आणि १९४१ च्या सुमारापासून जस्त आले. जस्तावर झाळ नीट धरत नाही. म्हणून कोणी बिजागरी साच्यातच धरून ओतली, कोणी खळगा करून त्यात ती ठोकून बसवली, कोणी आकड्याखाली छोटी चकती घातली. प्रत्येक कारखान्याने आपापला तोडगा काढला आणि तो तोडगाच आज त्याची ओळख झाला. जस्तावरचा चांदीचा मुलामाही टिकत नाही. वर्षे गेली की तो उतरतो आणि खालचे राखाडी जस्त उघडे पडते. काकींच्या बिल्ल्याचे तेच झाले होते.

ही रीत जर्मन पदकांपुरती नाही. जुनी नाणी अभ्यासणारे हेच करत आले आहेत. आपल्या कोसबेनला १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी आहत नाण्यांवर जे काम केले ते आठवा. त्या चांदीच्या तुकड्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, फक्त सूर्य, डोंगर, झाड अशा ठोकलेल्या खुणा. कोसंबी गणिती. त्यांनी तक्षशिलेच्या ठेव्यातली नाणी काट्यावर एकेक तोलली. नाणे हातोहात फिरले की झिजते, वजन कमी होते. त्या झिजेचे गणित मांडून आणि खुणांचे गट पाडून त्यांनी निनावी नाण्यांचा क्रम लावायचा प्रयत्न केला. वस्तू बोलत नाही म्हणून तिला मुकी समजू नये, हा धडा त्यांच्यापासून घ्यावा. आणि दुसरा धडाही. आधी तोलावे, मग बोलावे.

कारण या वाटेवर खड्डेही पुष्कळ आहेत.

पहिला खड्डा सुट्या भागांचा. बिजागऱ्या आणि पिना काही कारखाने बाहेरून घेत. तेव्हा पाठ जुळली म्हणून कारखाना एकच असे म्हणता येत नाही. शिवाय रणांगणावर पिन तुटली की शिपाई ती मिळेल तशी बसवून घेई.

दुसरा खड्डा उसनवारीचा. एका कारखान्याने ठोकायचे आणि दुसऱ्याने आपले नाव घालून विकायचे, असेही चाले. मग खुणेवरून विकणारा कळतो, ठोकणारा कळेलच असे नाही.

तिसरा खड्डा काळाचा, आणि तो सगळ्यांत खोल. युद्ध संपले म्हणून ठसे वितळले नाहीत. व्हिएन्नाच्या सुवालने युद्धानंतरही जुन्या ठशांवरून माल काढला आणि तो संग्राहकांकडे गेला. पश्चिम जर्मनीने २६ जुलै १९५७ च्या कायद्याने जुनी लष्करी पदके नाझी चिन्ह काढून वापरायला परवानगी दिली, तेव्हा श्टाइनहाउअर उंड ल्यूकने ती नव्या रूपात बनवली. त्या नव्या रूपावर आकड्यांचा क्रूस नसतो, म्हणून ती पटकन ओळखू येतात. पण जुन्या रूपातले, नंतर ठोकलेले बिल्ले? ठसा तोच, चीरही तीच. ठशावरून कोणी बनवला ते कळेल, केव्हा बनवला ते कळणार नाही. तिथे धातू, मुलामा, पाठीचे काम आणि वस्तू कुठून आली याचा पुरावा लागतो. साल्झबुर्गजवळच्या क्लेसहाइम किल्ल्यात १९४५ साली अमेरिकन सैनिकांना पदकांचा साठा मिळाला होता. तो सैनिकांनी घरी नेला. अशा वस्तूंचा उपयोग इथे होतो. मे १९४५ मध्ये जी चीर होती ती युद्धकाळातली, हे निदान तिथे नक्की होते.

चौथा खड्डा माणसाच्या लोभाचा. नाव असलेल्या बिल्ल्याला बाजारात जास्त पैसे मिळतात. म्हणून कोऱ्या पाठीच्या अस्सल बिल्ल्यावर नवा आकडा ठोकून देणारे महाभाग आहेत. अस्सल बिल्ल्याचा साचा घेऊन नक्कल ओतणारे आहेत. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळ बिल्ल्यापेक्षा किंचित लहान भरते आणि पिसांच्या रेषा बोथट होतात. कारखान्याच्या नावाचा जुना कागदी लखोटा एकीकडून, बिल्ला दुसरीकडून आणून दोघांचे लग्न लावून देणारेही आहेत. आम्हा कारकुनांना शिक्का दिसला की खरे वाटते. पण शिक्का नंतरही मारता येतो, हे आमच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

असो. तर मी काकींचा बिल्ला महिनाभर मागून आणला. सोनार शेटींच्या काट्यावर तोलला, मापला, दोन्ही बाजूंचे फोटो काढले. शेटींनी तो हातात घेताच सांगितले, "हे जस्त." भिंगाखाली उजवीकडच्या एका पानावरून कडेपर्यंत गेलेली नखाएवढी चीर दिसली. मला कोण आनंद! मग पुस्तकांत आणि संग्राहकांच्या फोटोंत खूण असलेले बिल्ले शोधून एकेक ताडून पाहिला. दोन ठिकाणी पाठ जुळली, पण चीर नव्हती. एका ठिकाणी चीर जुळल्यासारखी वाटली. रात्री झोपही लागली नाही. सकाळी फोटो एकावर एक ठेवून पाहिले तर वळण वेगळे. हेडक्लार्क असते तर म्हणाले असते, "जुळल्यासारखी म्हणजे जुळली नाही."

कारखाना मिळाला नाही. पण या खटाटोपात तारखा मात्र समोर मांडल्या गेल्या, आणि त्यांनी माझी पंचाईत केली.

पायदळाचा हा बिल्ला सुरू झाला २० डिसेंबर १९३९ रोजी. एहरेनफेल्स मुरगावात अडकली ती त्याआधीच, युद्ध सुरू होतानाच. तिथून ती हलली नाही. जस्ताचे बिल्ले तर त्याहूनही नंतरचे. म्हणजे त्या बोटीवरून आलेल्या कोणाच्या ट्रंकेत हा बिल्ला असूच शकत नाही. शिवाय ते खलाशी, पायदळाचे शिपाई नव्हेत. व्यापारी बोटींवरच्या लोकांसाठी नाकेबंदी फोडल्याचा वेगळा बिल्ला होता, तोही १ एप्रिल १९४१ पासूनचा. त्यावर बोट आणि साखळी असते. हा तो नव्हे. टपालाने कोणी पाठवला असेल, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालून पाहिली. पण आघाडीवर जीव धोक्यात घालून मिळवलेला बिल्ला तटस्थ बंदरातल्या खलाशाला कोण कशाला पाठवील? गोष्ट वाचवण्यासाठी पुरावा वाकवतोय, हे माझे मलाच कळले.

आता काकींना काय सांगायचे? सत्तर-ऐंशी वर्षे घरात जपलेली गोष्ट. आमच्याकडे देवघरातल्या टाकांइतकीच घराण्याच्या गोष्टींची निगा राखतात. "काही कळत नाही हो" म्हणून बिल्ला परत करणे सोपे होते. पण नातू ती गोष्ट फोटोसकट जगाला सांगणार होता. एकदा छापली गेली की ती एहरेनफेल्सच्या इतिहासात घुसणार, आणि पुढच्या माणसाला ती बाहेर काढायला माझ्यापेक्षा दसपट कष्ट पडणार. निनावी बिल्ल्यावर खोटा आकडा ठोकणारा आणि खोटी गोष्ट ठोकणारा, यांत फरक तो काय?

शेवटी जाऊन सांगितले. नातवाचा चेहरा पडला. काकी बराच वेळ बिल्ल्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सासऱ्यांना जर्मन माहीत होते, हे खरे हं. ते बोटीवर सामान पोचवायचे."

मी म्हटले, "ते खरे असेल, काकी. मी ते खोटे म्हणत नाही. फक्त हा बिल्ला त्याचा पुरावा नव्हे."

थोड्या वेळाने त्यांनीच डब्यातले ते बंद घड्याळ उचलले. काका तारवटी. साठ-सत्तरच्या दशकांत बोटीवर होते, हँबर्गला त्यांच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. हे घड्याळ त्यांनी तिकडच्याच बाजारातून जुने म्हणून घेतले होते. "एकदा खिसाभर कसले-कसले आणले होते, मी ओरडले होते त्यांना," काकी म्हणाल्या. त्या सामानात बिल्ला होता की नाही, ते त्यांना आठवेना. मीही खोदून विचारले नाही. एक गोष्ट काढून घेऊन तिच्या जागी आपल्या सोयीची दुसरी बसवायची, हे काही माझे काम नव्हे.

घरी परतताना बसमध्ये मनात आले, समजा चीर जुळली असती आणि कारखान्याचे नाव मिळाले असते, तरी बनवणारा मिळाला असता का? आमच्या ऑफिसातल्या त्या अर्जाची मशीन सापडली, पण तिच्यावर कोण बसले होते ते अखेरपर्यंत कळले नाही. युद्धाच्या काळात जर्मन पुरुष आघाडीवर आणि कारखान्यांत बायका, म्हातारे आणि पकडून आणलेले परदेशी मजूर. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनीत असे परदेशी मजूर आणि युद्धकैदी मिळून ७६ लाखांच्या आसपास होते. बहुतेकांना जबरदस्तीने आणलेले. बटणांच्या त्या ल्यूडेनशाइडजवळही हुन्सविंकेल येथे १९४० पासून 'श्रमशिक्षणा'च्या नावाखाली छळाची छावणी होती. कोणत्या बिल्ल्याची पिन कोणाच्या हातांनी बसवली, हे कोणत्याही ठशावर उमटलेले नाही. संग्राहक ज्याला 'बनवणारा' म्हणतो तो मालक. हात निनावीच राहिले.

म्हणून कारखान्याचा शोध व्यर्थ ठरतो, असे मात्र मी म्हणणार नाही. त्या शोधामुळेच तर जस्त कळले, तारीख कळली, आणि एक चुकीची नोंद होता होता राहिली. नाव मिळाले नाही तरी काय असू शकत नाही हे कळणे, हीसुद्धा इतिहासात मोठी कमाई असते.

बिल्ला परत फडक्यात बांधताना मी त्यात एक चिठ्ठी ठेवली आहे. नातवाने फोटो काढलाच तर चिठ्ठीसकट काढायचा, असे ठरले आहे. चिठ्ठीत लिहिले आहे : 'जर्मन पायदळाचा चढाईचा बिल्ला. जस्त. पाठीवर खूण नाही. कारखाना अज्ञात. १९४१ च्या आधीचा नसावा. एहरेनफेल्स बोटीवरून आलेला नाही.'

चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली आहे. उद्या कोणाला ती चीर एखाद्या खुणेच्या बिल्ल्यावर सापडली, तर 'अज्ञात' हा शब्द खोडता यावा म्हणून.